विंडोज बदलले आणि लाइव्ह मेल दिसेना: वडिलांचे जुने मेल कुठे शोधायचे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. वडील निवृत्त शिक्षक. घरच्या डेस्कटॉपवर विंडोज ७ होते आणि २०१० पासून ते विंडोज लाइव्ह मेलमध्येच मेल वाचत, लिहीत. कॉम्प्युटर फार हळू चालतो म्हणून गेल्या आठवड्यात दुकानात दिला आणि विंडोज १० टाकून घरी आणला. आता खालच्या पट्टीवरचे लिफाफ्याचे चित्र गेले. स्टार्टमध्ये 'मेल' आहे, पण त्यावर क्लिक केले की आउटलुक नावाचे वेगळेच काही उघडते आणि पासवर्ड मागते. पंधरा वर्षांचे मेल गेले की काय, म्हणून वडील दोन दिवस अस्वस्थ आहेत.

बहुधा गेलेले नाहीत. पण पुढचे वाचण्याआधी एक काम करा. त्या कॉम्प्युटरवर नवे काही टाकू नका, डिस्क क्लीनअप चालवू नका, आणि 'सी ड्राइव्ह भरलाय, रिकामा करून देतो' असे कोणी म्हणाले तर त्याला थांबवा. नवे विंडोज टाकताना जुने विंडोज बहुतेक वेळा 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात बाजूला ठेवले जाते आणि दहा दिवसांनी ते आपोआप पुसले जाते. 'गेल्या आठवड्यात' असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे हातात थोडेच दिवस आहेत. प्रोग्राम कुठला घ्यायचा हा प्रश्न पुढच्या महिन्यातही सोडवता येईल. मेलची प्रत मात्र आज काढायला हवी.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या या धंद्यात येऊन मला वीसहून जास्त वर्षे झाली. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर फॉरमॅट करताना मी डेस्कटॉप, माय डॉक्युमेंट्स आणि फोटो व्यवस्थित कॉपी केले आणि काम झाले असे समजलो. मेल ज्या फोल्डरात असतात तो लपवलेला असतो, हे तेव्हा माझ्या लक्षातच आले नाही. त्या बाईंच्या दिवंगत यजमानांचे मेल त्यात होते. ते परत आले नाहीत. तेव्हापासून कुठलेही मशीन हातात घेतले की मी पहिला प्रश्न मेलचा विचारतो.

लाइव्ह मेल नव्या विंडोजमध्ये का आले नाही, ते आधी समजून घ्या. ते मुळात विंडोजचा भाग नव्हतेच. विंडोज एक्सपीपर्यंत आउटलुक एक्स्प्रेस सोबत येत असे. २००७ साली व्हिस्टा आले, त्यात विंडोज मेल होते. २००९ मध्ये विंडोज ७ आले तेव्हा मायक्रोसॉफ्टने मेलचा प्रोग्राम काढूनच टाकला आणि ज्याला हवा त्याने विंडोज लाइव्ह इसेन्शियल्स या फुकटच्या प्रोग्रामसंचातून उतरवून घ्यावा, असे ठरवले. म्हणजे २०१० मध्ये कोणीतरी वडिलांना तो वेगळा टाकून दिला असणार. पुढे १० जानेवारी २०१७ ला त्याचा पाठिंबा संपला आणि मायक्रोसॉफ्टने तो आपल्या साइटवरून उतरवून घेण्याची सोयही बंद केली. त्यामुळे कोरे विंडोज टाकले की तो सोबत येत नाही आणि अधिकृत जागी आता मिळतही नाही.

मग स्टार्टमधले 'मेल' काय आहे? विंडोज १० सोबत मेल आणि कॅलेंडर अशी दोन छोटी ॲप येत. ३१ डिसेंबर २०२४ ला ती बंद झाली, आता त्यातून मेल येतही नाहीत आणि जातही नाहीत. त्यांच्या जागी नवे आउटलुक आहे. फेब्रुवारी २०२५ च्या अपडेटपासून ते विंडोज १० मध्ये आपोआपच येते. म्हणून जुन्या चित्रावर क्लिक केले तरी आउटलुक उघडते.

या आउटलुक नावाने इतका घोळ घातला आहे की त्यावर थोडे थांबतो. आउटलुक एक्स्प्रेस हा विंडोजसोबत फुकट येणारा प्रोग्राम होता, तो एक्सपीबरोबर संपला. ऑफिसमधले आउटलुक वेगळे, ते वर्ड-एक्सेलच्या सोबत विकत मिळते आणि त्याला आता 'क्लासिक' म्हणतात. आउटलुक डॉट कॉम म्हणजे पूर्वीचे हॉटमेल, तो प्रोग्राम नाही, ती मेलची सेवा आहे. आणि चौथे हे नवे आउटलुक. फोनवर कोणी 'माझे आउटलुक गेले' म्हणाले की यातले कुठले ते कळायलाच पाच मिनिटे लागतात. तुमच्या वडिलांचा यातल्या एकाही प्रोग्रामशी संबंध नव्हता, त्यांचे लाइव्ह मेल होते. दुकानात किंवा फोनवर कोणाची मदत घ्याल तेव्हा हे नाव पूर्ण सांगा.

आता शोध. दुकानातल्या मुलाला फोन करून एवढेच विचारा: अपग्रेड केले, की कोरे विंडोज टाकले? डिस्क फॉरमॅट केली होती का? आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) बसवली का? मशीन हळू चालते म्हणून दिले होते म्हणता, म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असण्याची शक्यता मला जास्त वाटते. आजकाल जुने मशीन वेगवान करायचे म्हणजे एसएसडी टाकायची, हाच सरळ उपाय आहे आणि तो चांगलाही आहे. पण मग तुमचे सगळे मेल त्या जुन्या डिस्कवर आहेत. काही दुकानदार ती डिस्क त्याच मशीनमध्ये दुसरा ड्राइव्ह म्हणून जोडून देतात, काही पिशवीत घालून हातात देतात, काहींच्या ड्रॉवरमध्ये ती पडून राहते आणि महिन्याभराने दुसऱ्या कोणाच्या मशीनमध्ये जाते. ती तुमची वस्तू आहे. आजच मागून घ्या. डेस्कटॉपची डिस्क असेल तर ती बाहेरून जोडण्यासाठी स्वतंत्र वीजपुरवठा असलेले यूएसबी अडॅप्टर लागते. तेवढे घेण्यापेक्षा दुकानातच अर्धा तास बसून प्रत काढून घेणे सोपे.

दुकानातल्या मुलाने जुन्या विंडोजवरूनच थेट अपग्रेड केले असेल तर लाइव्ह मेल अजून मशीनमध्येच असेल, फक्त खालच्या पट्टीवरचे चित्र गेले असेल. स्टार्टच्या शोधात 'लाइव्ह' हा शब्द इंग्रजीत टाइप करून बघा. तिथे आले नाही तर सी ड्राइव्हमध्ये प्रोग्राम फाइल्स नावाचे दोन फोल्डर दिसतील. त्यातल्या एक्स ८६ लिहिलेल्या फोल्डरात 'विंडोज लाइव्ह' आणि त्यात 'मेल' असा फोल्डर शोधा. त्यातली डब्ल्यूएलमेल नावाची फाइल म्हणजेच प्रोग्राम. तो उघडला तर वडिलांना लगेच दाखवा, त्यांचा जीव भांड्यात पडेल. मात्र तिथे थांबू नका, प्रत काढायचीच आहे.

प्रोग्राम नसेल तर मेलकडे वळू. लाइव्ह मेलची एक गोष्ट मला फार आवडते: ते प्रत्येक मेल स्वतंत्र फाइल म्हणून ठेवते. फाइलच्या नावाच्या शेवटी ईएमएल असते. आउटलुक एक्स्प्रेस अख्खा इनबॉक्स एकाच डीबीएक्स फाइलमध्ये कोंबत असे आणि ती एक फाइल बिघडली की सगळेच जाई. तुमच्या बाबतीत अगदी दोन-चार फाइली बिघडल्या तरी बाकीचे मेल वाचतील. आणि ते वाचायला लाइव्ह मेलच लागते असेही नाही.

फोल्डरचा रस्ता असा: युजर्स, त्यात वडिलांच्या नावाचा फोल्डर, त्यात ॲपडेटा, मग लोकल, मग मायक्रोसॉफ्ट आणि शेवटी विंडोज लाइव्ह मेल. अपग्रेड झाले असेल तर हा युजर्स फोल्डर थेट सी ड्राइव्हवर आहे. फॉरमॅट न करता कोरे विंडोज टाकले असेल तर तो विंडोज डॉट ओल्डच्या पोटात आहे. डिस्क बदलली असेल तर जुन्या डिस्कवर आहे. ॲपडेटा तुम्हाला दिसणार नाही, कारण विंडोज तो लपवून ठेवते. फाइल एक्स्प्लोररमध्ये वरच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'हिडन आयटम्स'वर टिक करा, मग तो फिकट रंगात दिसेल. जुन्या डिस्कवरचा फोल्डर उघडताना 'परवानगी नाही' असा संदेश आला तर घाबरू नका, 'कंटिन्यू' दाबा. परवानग्या बदलण्यात थोडा वेळ जाईल, पण फोल्डर उघडेल.

आत गेल्यावर प्रत्येक अकाउंटच्या नावाचा एक फोल्डर दिसेल आणि त्यात इनबॉक्स, सेंट आयटम्स वगैरे. त्याशिवाय 'स्टोरेज फोल्डर्स' नावाचा एक वेगळा फोल्डर असेल. तो विसरू नका. लाइव्ह मेलच्या डाव्या बाजूला अगदी तळाशी जे फोल्डर दिसत ते हेच. ज्यांना टापटीप आवडते ती माणसे महत्त्वाचे मेल उचलून तिथे ठेवत: पेन्शन, घराचे कागद, नातवंडांचे फोटो. शिक्षकी पेशातला माणूस असे करणारच, असा माझा अनुभव आहे. अडचण अशी की तिथे हलवलेला मेल फक्त त्या कॉम्प्युटरवर राहतो, सर्व्हरवर, म्हणजे मेल कंपनीच्या कॉम्प्युटरवर, त्याची प्रत बहुधा उरत नाही. म्हणजे जो मेल सर्वांत जपून ठेवला, तोच सर्वांत धोक्यात असतो.

हा अख्खा विंडोज लाइव्ह मेल फोल्डर कॉपी करा. कट करू नका, ओढून हलवू नका, कॉपी करा. एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक घरातल्या दुसऱ्या कुठल्या तरी कॉम्प्युटरवर. फाइली हजारोंनी असतील, म्हणून वेळ लागेल. पेन ड्राइव्ह जुन्या धर्तीने, म्हणजे फॅट ३२ ने फॉरमॅट केलेला असला तरी इथे चालतो, कारण फाइली छोट्या असतात.

ॲड्रेस बुक मात्र याच फोल्डरात नसते. ते शेजारच्या 'विंडोज लाइव्ह' फोल्डरातल्या 'कॉन्टॅक्ट्स'मध्ये एका डेटाबेस फाइलमध्ये असते. लाइव्ह मेल चालू असेल तर त्यातूनच पत्ते सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलमध्येही उघडणारी साधी यादी) एक्स्पोर्ट करून घ्या. प्रोग्राम नसेल तर ती फाइल वाचणे किचकट काम आहे. फोल्डर कॉपी करून ठेवा, पण त्यामागे दिवस घालवू नका. ज्यांना वडील मेल लिहीत, त्या सगळ्यांचे पत्ते सेंट आयटम्समध्ये आहेतच.

डिस्क फॉरमॅट केली असेल आणि बदललेली नसेल, तर गोष्ट अवघड होते. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर पुसलेल्या फाइली तिच्यावर काही काळ तग धरतात, फक्त त्यांच्या जागेवर नवे काही लिहिले जायला नको. म्हणून मशीन लगेच बंद करा, डिस्क काढा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून डेटा रिकव्हरीचे काम जाणकाराकडून करून घ्या. नवे विंडोज त्याच डिस्कवर बसले आहे, त्यामुळे सगळे मिळेल असे मी सांगणार नाही, पण ईएमएल फाइली छोट्या असल्याने काही हाती लागतात. एसएसडी फॉरमॅट झाली असेल तर आशा फार थोडी, कारण पुसलेली जागा एसएसडी स्वतःच पुढच्या वापरासाठी साफ करून ठेवते.

तरीही एक दार उरते: मेल मूळ सर्व्हरवर असू शकतात. लाइव्ह मेल मुख्यतः दोन पद्धतींनी मेल आणत असे. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो आणि कॉम्प्युटरवर फक्त त्याची प्रत येते. पॉपमध्ये मेल उतरवून घेतला जातो, आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही टिक नसेल तर तिकडून तो पुसला जातो. ही पॉपची पद्धत आज विचित्र वाटते, पण तिला कारण होते. १९९५ नंतरची डायलअपची वर्षे आठवा. फोनच्या तारेवरून इंटरनेट, मिनिटामिनिटाला बिल, घरातला फोन अडकलेला. जोडायचे, मेल उतरवायचे, तोडायचे आणि मग निवांत वाचायचे. शिवाय सर्व्हरवर मिळणारी जागा काही एमबीच असे, तिथे मेल ठेवून चालतच नसे. जीमेलने १ एप्रिल २००४ ला १ जीबी जागा दिली तेव्हा आमच्यापैकी अनेकांना ती थट्टाच वाटली होती. पण हाताला लागलेली सवय लवकर सुटत नाही, आणि २०१० मध्येही कित्येक तंत्रज्ञ सवयीने पॉपच लावून देत.

वडिलांचे अकाउंट जीमेलचे असेल तर ब्राउझरमधून त्यात शिरा आणि सर्वांत जुना मेल कुठल्या वर्षाचा आहे ते पाहा. इनबॉक्स रिकामा दिसला तरी डावीकडच्या यादीत 'ऑल मेल' उघडा. पॉपने उतरवलेल्या मेलची प्रत जीमेल बहुतेक वेळा ठेवते, कधी इनबॉक्समध्ये, कधी अर्काइव्ह करून. थेट २०१० पासूनचे मेल तिथे दिसले तर तुमची अर्धी काळजी मिटली. स्टोरेज फोल्डर्सचा अपवाद तेवढा लक्षात ठेवा. इंटरनेट देणाऱ्या कंपनीचे जुने अकाउंट असेल तर मात्र सर्व्हरवर फारसे काही असण्याची आशा धरू नका.

इथे फसवणुकीबद्दल सांगायलाच हवे. लाइव्ह मेल उतरवून घ्यायचे म्हणून शोधाल तर ढीगभर साइट दिसतील. त्यातली एकही मायक्रोसॉफ्टची नाही. तिथून आणलेल्या फाइलीबरोबर काय काय येईल याची खात्री मी देणार नाही आणि वडिलांच्या मशीनवर ती टाकूही देणार नाही. त्याहून वाईट म्हणजे 'ईमेल सपोर्ट' म्हणून सापडणारे फोन नंबर. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी असाच एक नंबर लावला. पलीकडच्या माणसाने गोड बोलून स्क्रीन बघण्याचे ॲप टाकायला लावले, मग 'पाच रुपये भरून नोंदणी करा' म्हणून बँकेचे पान उघडायला लावले. मुलगा वेळेवर घरी आला म्हणून बचावले. मेलचा प्रोग्राम मिळवण्यासाठी कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत, ओटीपी द्यावा लागत नाही आणि कॉम्प्युटरचा ताबाही द्यावा लागत नाही. असे काही घडलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

प्रत हातात आली की प्रोग्राम निवडायचा. माझे मत स्पष्ट आहे: तुमच्या परिस्थितीत थंडरबर्ड घ्या. तो मोझिलाचा, फुकट, २००४ पासून चालत आलेला प्रोग्राम आहे. मेल तुमच्या डिस्कवर ठेवतो आणि मांडणी लाइव्ह मेलच्या सवयीच्या माणसाला परकी वाटत नाही: डावीकडे फोल्डर, मध्ये यादी, बाजूला किंवा खाली मेल. नवे आउटलुक मी वडिलांना देणार नाही. त्यात जीमेलचे अकाउंट जोडले तर मेल, पत्ते आणि कॅलेंडर यांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर जाते. ते तसे आधी सांगतात, पण घाईत 'ओके' दाबणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. शिवाय फुकटच्या अकाउंटला जाहिराती दिसतात आणि सत्तरीतल्या माणसाला जाहिरात कुठली आणि मेल कुठला हे पटकन कळत नाही. हॉटमेल किंवा आउटलुक डॉट कॉमचेच अकाउंट असेल तर यातला पहिला आक्षेप उरत नाही, कारण मेल तसेही त्यांच्याकडेच आहेत.

आणि जुने लाइव्ह मेल सापडलेच तर? जीमेलसाठी ते अजून वापरता येईल, पण मी सुचवणार नाही. जीमेलने ३० मे २०२२ पासून नुसत्या पासवर्डवर आत सोडणे बंद केले. लाइव्ह मेलला गूगलची नवी लॉगिन पद्धत येत नाही, म्हणून आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन (दोन टप्प्यांत ओळख पटवणे) चालू करून अशा जुन्या प्रोग्रामसाठीचा १६ अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागतो. हॉटमेलवाल्यांना तेही दार नाही, १६ सप्टेंबर २०२४ पासून मायक्रोसॉफ्टने जुनी पद्धत बंदच केली. लाइव्ह मेल 'पासवर्ड चुकीचा' म्हणत राहते, माणूस पासवर्ड बदलत राहतो आणि शेवटी अकाउंटच कुलूपबंद होते. हे मी अनेकदा पाहिले आहे. पासवर्ड बरोबर असतो, प्रोग्रामच जुना झालेला असतो. जुने मेल बघण्यापुरते आणि पत्ते बाहेर काढण्यापुरते ते ठेवा.

थंडरबर्ड मोझिलाच्या थंडरबर्डसाठीच्या साइटवरून घ्या. उघडल्यावर नाव, मेलचा पत्ता टाका. जीमेल असेल तर तो स्वतःच आयमॅप निवडेल आणि गूगलची लॉगिनची खिडकी उघडेल, त्यात नेहमीचा पासवर्ड टाकायचा. सर्व्हरची नावे, पोर्ट नंबर यात पडायची गरज नाही. नवे मेल यायला लागले की जुन्यांकडे वळा.

थंडरबर्डच्या डाव्या बाजूला 'लोकल फोल्डर्स' दिसेल. त्यावर उजवे बटण दाबून 'जुने मेल' नावाचा फोल्डर बनवा, त्यात इनबॉक्स, पाठवलेले आणि स्टोरेजमधले असे पोटफोल्डर. थोडेच मेल असतील तर ईएमएल फाइली निवडून माउसने ओढून थेट या फोल्डरात सोडता येतात. पंधरा वर्षांचे मेल असतील तर 'इम्पोर्टएक्स्पोर्टटूल्स एनजी' नावाचे ॲड-ऑन (थंडरबर्डला जोडायचा छोटा पूरक प्रोग्राम) थंडरबर्डच्या ॲड-ऑनच्या पानावरूनच टाका. मग फोल्डरवर उजवे बटण दाबले की ईएमएल फाइलींचा पूर्ण फोल्डर आत घेण्याचा पर्याय मिळतो, पोटफोल्डरांसकट. एकेक फोल्डर घ्या, सगळे एकदम नको. तारखा मेलच्या आतच लिहिलेल्या असतात, त्यामुळे २०११ चा मेल २०११ चाच दिसेल. हे सगळे पेन ड्राइव्हवरच्या प्रतीतून करा, मूळ फोल्डरला हात लावू नका.

आता मराठी मेलची एक अडचण, जी इंग्रजीतल्या मदतीच्या पानांवर तुम्हाला सापडणार नाही. वडिलांच्या वयाच्या अनेकांनी युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी वाचता येईल अशी आजची पद्धत) रुळण्याआधी शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये मराठी लिहिले आहे. अशा मजकुरात आत खरे तर इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नाही, म्हणून मेल उघडला की इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गिचमिड दिसतो. असे मेल बिघडले म्हणून कोणी पुसून टाकले की मला फार वाईट वाटते. मेल धडधाकट असतो. जुन्या विंडोजच्या फोल्डरात, म्हणजे विंडोज डॉट ओल्डमध्ये किंवा जुन्या डिस्कवर, 'विंडोज'मधल्या 'फॉन्ट्स'मध्ये ती फॉन्टची फाइल असते. ती कॉपी करून घ्या, उजवे बटण दाबून 'इन्स्टॉल' करा, थंडरबर्ड बंद करून पुन्हा उघडा. म्हणून मेलबरोबर फॉन्ट्सचा फोल्डरही आजच कॉपी करा. तो विंडोज डॉट ओल्डबरोबरच पुसला जाणार आहे.

दुसरा गिचमिड वेगळा असतो: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' आणि येनच्या चलनाचे चिन्ह पुन्हा पुन्हा दिसते. तो मजकूर युनिकोडमधलाच आहे, फक्त प्रोग्रामने तो चुकीच्या पद्धतीने वाचला. थंडरबर्डच्या 'व्ह्यू' मेन्यूत 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' आहे, ते दाबा. आणि अक्षरे नीट आहेत पण वळण बदलल्यासारखे वाटते, अशी वडिलांची तक्रार असेल तर तीही खरी आहे. विंडोज ७ मध्ये देवनागरीसाठी मंगल होता, पुढच्या आवृत्त्यांत निर्मला आला. मंगलच हवा असेल तर विंडोज १० च्या सेटिंग्जमध्ये ॲप्सखाली 'ऑप्शनल फीचर्स'मधून देवनागरीचे पूरक फॉन्ट टाकून घ्या, त्यात तो आहे.

सगळे बसले की थंडरबर्डला मुख्य मेल प्रोग्राम ठरवा, नाहीतर वेबसाइटवरच्या मेलच्या पत्त्यावर क्लिक केले की पुन्हा आउटलुक उघडेल आणि वडील पुन्हा गोंधळतील. सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, तिथे ईमेलसमोर थंडरबर्ड निवडा. त्याचे चित्र खालच्या पट्टीवर जुन्या लिफाफ्याच्याच जागी पिन करा आणि आउटलुकचे तिथून काढा.

विंडोज १० बद्दलही एक गोष्ट दुकानाने तुम्हाला सांगायला हवी होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नियमित पाठिंबा संपला आहे. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण त्यासाठी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधून नोंदणी करावी लागते. विंडोज ७ च्या काळातले मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. पुढे कधी तेच मशीन लिनक्स मिंटवर (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) नेले तर थंडरबर्ड तिथेही आहे आणि आज आत घेतलेले हे सगळे मेल तसेच सोबत नेता येतील.

शेवटी वडिलांना शेजारी बसवा आणि तीन मेल उघडून बघा: सर्वांत जुना, एखादा जोडलेल्या फोटोचा किंवा पीडीएफचा आणि एक मराठीतला. तिन्ही नीट उघडले तर मेल आले. नाही उघडले तर कुठला अडला आणि पडद्यावर काय दिसले ते लिहा, तिथून पुढे बघू. जुनी डिस्क मिळाली असेल तर तिच्यावर चिकटपट्टीने तारीख आणि 'वडिलांचे मेल' असे लिहून कपाटात ठेवा.